दोनशे चित्रांचा संकल्प आणि हातातून निसटत गेलेला छंद : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

श्रीमती क्ष एका मध्यम आकाराच्या संस्थेच्या लेखा विभागात वरिष्ठ पदावर काम करतात आणि त्यांचे वय चाळिशीच्या थोडे पुढे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील त्यांच्या संमतीने बदलले आहेत. व्यक्तिगत उद्दिष्टे ठरवताना येणाऱ्या अडचणींविषयी मी लोकांशी बोलते, त्या निमित्ताने त्या माझ्याकडे आल्या. या प्रकरणात माझा पहिला सल्ला चुकला, आणि तो का चुकला हे मांडता यावे, हेही हे टिपण लिहिण्याचे एक कारण आहे.

जलरंगांकडे त्या सहा वर्षांपूर्वी वळल्या, तेही ठरवून नव्हे. घरात पडून असलेली एक रंगपेटी सुटीच्या दिवशी उघडली गेली आणि नंतर ती मिटली नाही. वर्ग लावला नव्हता, वेळ ठरलेली नव्हती. कधी महिन्यात पाच चित्रे होत, कधी एकही नाही. त्यांना त्यात नेमके काय आवडत होते, हे थोडे तपशिलात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्याच्याशीच निगडित आहे. कागद दोन्ही बाजूंनी पाण्याने भिजवायचा, त्यावर अल्ट्रामरीन निळ्याचा भरलेला ब्रश टेकवायचा, शेजारी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा एक ठिपका सोडायचा आणि दोन्ही रंग एकमेकांत शिरून करडे ढग कसे होतात, ते पाहत बसायचे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत बसतात, त्यामुळे वाळलेल्या आभाळाला एक खरखरीत पोत येतो. तो कसा येईल हे आधी सांगता येत नाही. चित्र काढण्यापेक्षा वाट पाहण्यातच आपला अधिक वेळ जातो, असे त्या हसून सांगत.

सहाव्या वर्षाच्या अखेरीस त्यांना वाटू लागले की आपण आहोत तिथेच आहोत. इमारतींची चित्रे फसत होती, माणसे जमत नव्हती. ही भावना रास्त होती, आणि छंदात प्रगती व्हावी असे वाटण्यात गैर काहीच नाही. त्यांनी नव्या वर्षासाठी ध्येय ठरवले : बावन्न आठवड्यांत दोनशे चित्रे, म्हणजे आठवड्याला साधारण चार. त्यासाठी त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, विषय, लागलेला वेळ, स्वतःला दिलेले दहापैकी गुण आणि शेवटच्या रकान्यात ठरलेल्या गतीपेक्षा आपण किती पुढे किंवा मागे आहोत याचा आकडा. हा शेवटचा रकाना मागे पडल्यास आपोआप लाल होत असे. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुचणे अगदी स्वाभाविक होते.

अडचण

पहिले सात-आठ आठवडे उत्तम गेले, आणि हे मुद्दाम नमूद करते, कारण अशा प्रकरणांत ध्येयालाच सरसकट दोषी धरण्याचा मोह होतो. कोरा कागद समोर आला की हात आखडण्याची त्यांची जुनी सवय याच काळात गेली. चित्र बिघडले तरी उद्या दुसरे आहेच, या जाणिवेने त्या अधिक मोकळेपणाने रंग लावू लागल्या. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक दशकांच्या संशोधनातून दाखवलेली गोष्ट हीच आहे : ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि आव्हानात्मक ध्येय दिले, तर माणसे सहसा अधिक काम करतात. श्रीमती क्ष यांचे काम वाढलेच.

एकोणिसाव्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा तक्त्यात ८१ चित्रे होती. ठरलेल्या गतीने ७३ व्हायला हवी होती, म्हणजे त्या आठने पुढे होत्या आणि लाल रंग कुठेही नव्हता. त्यांची तक्रार मात्र वेगळीच होती. मागच्या आठवड्यात त्यांना तीन दिवस ताप होता, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता तीन दिवस चित्र काढले नाही तरी चालेल. आजारी पडल्यावर बरे वाटले, आणि ते बरे वाटणे ध्यानात येताच त्या दचकल्या. सहा वर्षे कामाच्या रामरगाड्यातून सुटका म्हणून जे जपले, त्यापासूनच सुटका हवीशी वाटावी, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हते.

अधिक विचारल्यावर आणखी काही गोष्टी पुढे आल्या. रंगवताना त्या घड्याळाकडे पाहत होत्या. चित्र पूर्ण होताच ते पाहण्याआधी तक्ता उघडत होत्या. स्वतःला दिलेले गुण पहिल्या महिन्यात तीनपासून नऊपर्यंत पसरलेले होते. चौथ्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक चित्राला सहा होते. ते सहा गुण म्हणजे मूल्यमापन नव्हते, रकाना भरणे होते.

याच सुमारास त्यांच्या परिचयातील एका हौशी चित्रकारांच्या गटाने वर्षाअखेरीच्या प्रदर्शनासाठी वीस चित्रे देण्याचे निमंत्रण दिले होते. त्याचा आनंद होण्याऐवजी त्यांना ते आणखी एक देणे वाटले. निमंत्रण दोन आठवडे अनुत्तरित पडून होते.

पहिला सल्ला आणि त्याचे अपयश

पहिल्या दोन भेटींत मी त्यांचा तक्ता बारकाईने पाहिला. तो इतका नेटका होता, की दुसरे काही पाहावे असे मला सुचलेच नाही. दिवसभराची नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या आणि आठवड्याला चार चित्रे, हे प्रमाण मला जास्त वाटले. म्हणून मी सुचवले की ध्येय निम्मे करावे, आठवड्याला दोन. ओझे जड झाले असेल तर ते हलके करावे, असा हा सरळ विचार होता आणि त्या वेळी तो मला पूर्ण योग्य वाटला.

सहा आठवडे त्यांनी तो प्रामाणिकपणे पाळला. बारा चित्रे झाली, एकूण ९३. तक्त्यानुसार यश शंभर टक्के होते. प्रत्यक्षात ती बारापैकी दहा चित्रे रविवारी संध्याकाळी, एकामागोमाग एक अशी दोन-दोन करून काढलेली होती. आठवडाभर रंगपेटीला हात लागत नसे आणि रविवारी मुदत संपण्याआधी कामाचा फडशा पाडावा, तशी ती उरकली जात. पूर्वी निदान मधल्या दिवशी एखादे चित्र मनापासून होत असे, तेही थांबले.

येथे मला माझी चूक दिसली. मी संख्या कमी केली, मात्र मोजणी जिथल्या तिथे ठेवली. जॉर्डन एटकिन या संशोधिकेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच वेगळ्या रीतीने दिसले होते. आकृत्या रंगवणे, चालणे, वाचणे अशा एरवी सुखाच्या गोष्टी करताना ज्यांना आपली मोजणी समोर दिसत होती, त्यांनी त्या गोष्टी अधिक प्रमाणात केल्या, पण त्यांना त्यात आनंद कमी मिळाला, कारण मोजल्याने ती गोष्ट कामासारखी वाटू लागते. हे प्रयोग मला माहीत होते. तरीही समोर तक्ता आला की मी तक्त्याच्याच भाषेत विचार करू लागले, याची नोंद येथे करून ठेवते.

जमिनीवर मांडलेली चित्रे

तिसऱ्या भेटीसाठी मी त्यांना सगळी चित्रे घेऊन यायला सांगितले. आम्ही ती खोलीच्या जमिनीवर तारखेनुसार ओळीने मांडली. ९३ कागद मांडायला बराच वेळ लागला, आणि साठच्या आसपास आल्यावर दोघींचेही बोलणे थांबले.

पहिली पंचवीस-तीस चित्रे मोठ्या, जाड कागदांवर होती आणि जवळजवळ प्रत्येकात आभाळ होते. मग कागद लहान होत गेले. पन्नासाव्या चित्रानंतर बहुतेक पोस्टकार्डाएवढे. आभाळ आधी आक्रसले आणि मग नाहीसेच झाले. त्याच्या जागी कप, किल्ल्या, चष्मा, एखादे पान असे टेबलावरचे विषय आले, कोरड्या कागदावर, रेषेच्या आत रंग भरलेले. यांतली काही चित्रे नीटस होती. पण ओल्या कागदावर रंग सोडून वाट पाहण्याचा जो प्रकार त्यांना सर्वांत प्रिय होता, तो चाळिसाव्या चित्रापुढे मला फक्त दोनदा सापडला.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. पूर्ण भिजवलेला मोठा कागद वाळायला वेळ घेतो, आणि पुढचा थर देण्यासाठी तो वाळावाच लागतो. आठवड्याला चार चित्रांचा हिशेब आल्यावर त्यांनी आधी केस वाळवण्याचे यंत्र वापरून पाहिले. मात्र कागदावर पाणी साचलेले असताना गरम वारा मारला, की रंग त्याच्या मनाने बसत नाही. तो वाऱ्याच्या दिशेने ढकलला जातो आणि जिथे साचतो तिथे कडक कडा पडते. दोन-तीन आभाळे अशी वाया गेल्यावर त्यांनी आभाळच सोडून दिले. हे त्यांनी ठरवून केले नव्हते. मोजणीत प्रत्येक चित्राची किंमत एकच होती, तेव्हा जे चित्र लवकर होते ते पुढे आले आणि जे वेळ मागते ते मागे पडले.

ध्येय गाठताना दमणूक होते, ही अडचण मी धरून चालले होते. खरी अडचण अशी होती, की ध्येयाने छंदच बदलून टाकला होता आणि नाव मात्र तेच राहिले होते. त्या ज्याला कंटाळल्या होत्या, ती त्यांची जुनी आवड नव्हतीच. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो ताण कमी झाला, तो मला त्या दिवशी झालेल्या कुठल्याही चर्चेपेक्षा अधिक बोलका वाटला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसेच पुढे जाण्याचा. उरलेल्या २७ आठवड्यांत १०७ चित्रे अशक्य नव्हती, आणि अर्धवट सोडल्याची रुखरुख त्यांना लागणार होती. आतापर्यंत केलेले वाया जाईल, हा त्यांचा मुद्दा मी सहजासहजी उडवून लावला नाही, कारण हाती घेतलेले तडीस नेणारी माणसे अशा रुखरुखीने खरोखर अस्वस्थ होतात. तरी ९३ कागद समोर असताना तो मुद्दा फार वेळ टिकला नाही.

दुसरा पर्याय ध्येयच सोडण्याचा, म्हणजे पूर्वीसारखे मनात येईल तेव्हा रंगवण्याचा. तो मोहक होता. परंतु सहाव्या वर्षाच्या अखेरीस जी अस्वस्थता होती, ती याने सुटणार नव्हती. आपण आहोत तिथेच आहोत ही तक्रार पुन्हा उभी राहिली असती.

प्रदर्शनाला ध्येय बनवणे, हा तिसरा पर्याय त्यांच्या बहिणीने सुचवला होता. वीस चांगली चित्रे हे दोनशेपेक्षा बरे, असा तिचा युक्तिवाद होता. त्यावर आमची बरीच चर्चा झाली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितले होते की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले. काहींना दिलेच नाही. नंतर मोकळ्या वेळात, आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी रंगवलेल्या मुलांनी चित्रांसाठी इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशी घटली नव्हती. श्रीमती क्ष यांनी यातून आपल्यापुरता अर्थ काढला : प्रदर्शनासाठी चित्रे काढायची नाहीत, पण काढून झालेल्या चित्रांतून प्रदर्शनासाठी निवडायला हरकत नाही. लहान मुलांवरील एका प्रयोगावरून प्रौढ माणसाने इतके ठरवावे का, अशी शंका मी बोलून दाखवली. तरीही निर्णय मला रास्त वाटला.

चौथा पर्याय ध्येयाची जात बदलण्याचा होता. जे काम अजून नीट येत नाही, त्यात ‘इतके करून दाखवीन’ यापेक्षा ‘हे शिकून घेईन’ अशा स्वरूपाचे ध्येय अधिक उपयोगी ठरते, असे लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढच्या संशोधनात आढळले आहे. आम्ही हा पर्याय निवडला, पण लगेच नाही.

प्रत्यक्ष कृती

आधी तीन आठवडे पूर्ण विश्रांती ठरवली. तक्ता बंद, गुण बंद. रंगवले तर रंगवले, नाही तर नाही. हा टप्पा अपेक्षेपेक्षा कठीण गेला. सोळा दिवस त्यांनी ब्रश उचलला नाही, आणि दहाव्या दिवशी त्यांचा मला निरोप आला की बहुधा आवड संपलीच आहे. या वेळी काहीतरी लहानसे ध्येय देऊन त्यांना पुन्हा टेबलाशी बसवावे, असे मला फार वाटले. मी ते केले नाही. सतराव्या दिवशी त्यांनी एका जुन्या चित्राची मागची बाजू भिजवली आणि त्यावर फक्त दोन रंग सोडले. चित्र काढायचेच नव्हते. पाऊण तास त्या ते वाळताना पाहत होत्या.

त्यानंतर नवी व्यवस्था ठरली. सहा ते आठ आठवड्यांसाठी एकच प्रश्न घ्यायचा. पहिला प्रश्न त्यांनीच निवडला : ओल्या कागदावर दुसऱ्यांदा रंग सोडला, तर कडा मऊ केव्हा राहते आणि पाकळ्या-पाकळ्यांचा डाग केव्हा पडतो? याचे उत्तर कागदाच्या चकाकीत असते. कागदावर पाण्याची आरशासारखी झळाळी असेपर्यंत रंग मोकळा पसरतो. ती झळाळी मंद होऊन कागद नुसता ओलसर दिसू लागला, की थोड्या पाण्याचा, दाट रंगच मऊ कडेने बसतो. त्या वेळी पाणीदार ब्रश टेकवला, तर नवे पाणी आधीच्या रंगाला ढकलते आणि डाग पडतो. वाचून हे दोन मिनिटांत कळते, हाताला कळायला मात्र आठवडे लागतात. त्या आठवड्यांत वाट पाहणे हाच अभ्यास होता, म्हणजे त्यांना जे आवडत होते तेच शिकण्याच्या मार्गावर आले.

नोंद ठेवायचीच असेल तर ती कागदाच्या मागे एका ओळीत, काय दिसले एवढीच. क्रमांक आणि गुण नाहीत. प्रत्येक दुसरी बैठक प्रश्नाविना असेल, असेही ठरले. वेळेबाबत आम्ही मुद्दाम सैल राहिलो. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकॉक यांच्या २०१६ मधील अभ्यासात दिसले होते, की फुरसतीची गोष्ट ठरावीक वाजता नेमून ठेवली, तर ती कामासारखी वाटू लागते. तीच साधारण काळात, नेमकी वेळ न ठरवता ठेवली तर तसे होत नाही. त्यामुळे ‘शनिवारी दुपारनंतर केव्हातरी’ एवढेच ठरवले. शेवटी थांबण्याचा एक नियम केला : सलग दोन बैठकांत घड्याळाकडे लक्ष गेले, तर तो प्रश्न तिथेच सोडायचा. हा नियम एकदा वापरावा लागला. सावल्यांच्या रंगांविषयीचा दुसरा प्रश्न त्यांनी तिसऱ्या आठवड्यात सोडून दिला आणि त्याबद्दल मला स्पष्टीकरणही दिले नाही, जे मला चांगले लक्षण वाटले.

परिणाम

वर्षाअखेरीस दोनशे चित्रे झाली नाहीत. नव्या व्यवस्थेत किती झाली हे कुणीच मोजले नाही. गठ्ठ्यावरून पाहता पस्तीसच्या आसपास असावीत, आणि त्यांतली बरीचशी अर्धवट आहेत. मोठे कागद परत आले, आभाळही आले. ओल्या रंगावरचा त्यांचा ताबा स्पष्टपणे सुधारला आहे. ढगाची एक कडा मऊ आणि दुसरी धारदार ठेवणे त्यांना आता जमते, जे वर्षाच्या सुरुवातीला केवळ नशिबावर अवलंबून होते.

इमारती मात्र अजून तशाच वाकड्या आहेत. ज्या तक्रारीतून हे सगळे सुरू झाले, तिचा एक भाग अजून जागच्या जागीच आहे, आणि तो लपवून हे प्रकरण यशस्वी म्हणणे बरोबर होणार नाही. यथार्थदर्शनाला, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या तंत्राला, कंटाळवाणा सराव लागतो आणि त्या वर्षी त्यांनी तो टाळला. प्रदर्शनासाठी त्यांनी वीसऐवजी चार चित्रे दिली. चारही आधीच काढलेली, त्यांतले एक पहिल्या तीसमधले.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णायक टप्पा ध्येय ठरवण्याचा. त्या वेळी त्यांनी किती काढायचे हे ठरवले, पण या छंदातले काय हरवले तर तो आपला राहणार नाही, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. तो विचारला असता, तर ‘ओल्या कागदाची चित्रे’ हा भाग मोजणीबाहेर ठेवणे सहज शक्य होते. दुसरा टप्पा आठव्या आठवड्याचा. तोवर ध्येयाने आपले काम केले होते, हाताची भीती गेली होती. वर्षभराचे ध्येय न ठेवता दोन महिन्यांचे ठेवले असते, तर ते तिथेच आनंदाने संपले असते आणि पुढे काय, याचा नव्याने विचार झाला असता. बावन्न आठवड्यांची मुदत केवळ दिनदर्शिका बदलते म्हणून आली होती, चित्रकलेशी तिचा संबंध नव्हता.

तिसरी चूक माझी. पहिल्याच भेटीत चित्रे मागितली असती, तर सहा आठवडे वाचले असते. उद्दिष्टांविषयी बोलायला येणारी माणसे आकडे घेऊन येतात, कारण आकडे सोबत नेणे सोपे असते. त्यामुळे आता मी आकड्यांसोबत ती वस्तूही मागते, मग ते विणकाम असो, वही असो किंवा धावून आल्यावर केलेली टिपणे. विश्रांतीच्या तीन आठवड्यांबाबत मी अजून साशंक आहे. त्यांच्या बाबतीत ते उपयोगी पडले, परंतु दहाव्या दिवशीचा तो निरोप पाहता, असे काही होईल याची पूर्वसूचना मी त्यांना द्यायला हवी होती.

सध्या श्रीमती क्ष यांनी इमारतींसाठी पुन्हा एक मोजणीचे ध्येय घेतले आहे : यथार्थदर्शनातील शंभर ठोकळे. ते पेन्सिलीने, रेघी वहीत काढले जातात, वीस मिनिटांचा गजर लावून, आणि त्यांचा तक्ताही आहे, लाल होणाऱ्या रकान्यासह. त्या वेळी रंगपेटी कपाटात असते.